येशू सुटत नाही, मंडळी सुटली आहे: आता पुढं काय?

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. पणजोबा नगर जिल्ह्यात मिशनच्या काळात महार समाजातून ख्रिस्ती झाले. ताई स्वतः संडे स्कूल, तरुण संघ, गायकमंडळ या सगळ्यातून वाढल्या. लग्न चर्चमध्ये झालं, नवरा अजूनही दर रविवारी जातो. ताई मात्र गेली काही वर्षं विपश्यनेला बसतात, तुकोबा-कबीर वाचतात. येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांना आजही जवळचं आहे, पण 'तारण (मुक्ती) फक्त इथंच' हे वाक्य तोंडातून निघेनासं झालंय, आणि चर्चच्या कमिटीच्या निवडणुकांचा वीट आलाय. ऑफिसातला सहकारी म्हणतो, रीतसर हिंदू होऊन टाका. चुलतभाऊ म्हणतो, बाबासाहेबांच्या वाटेनं बौद्ध हो. आई म्हणते, आपल्या लोकांवर हल्ले होताहेत आणि तू आत्ताच पाठ फिरवतेस? मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर धर्माचा रकाना कोरा पडलाय. त्यांनी विचारलंय, सोडायचं तर कसं सोडायचं, आणि यात राजकारण नेमकं कुठं शिरतं?

ताई, मी आधी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू होतो, नंतर समुपदेशनाकडे वळलो. दोन्ही खुर्च्यांवरून अशी माणसं पाहिली. पहिली गोष्ट सांगतो ती ही की तुम्ही तीन निरनिराळी कामं एकाच शब्दात बांधून विचारताय. मनातली श्रद्धा बदलणं, मंडळीतून (म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समाजातून) बाहेर पडणं आणि सरकारी कागदावरचा धर्म बदलणं. तिन्हींचे परिणाम वेगळे आणि वेळाही वेगळ्या. माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांची फरफट झाली, त्यांनी बहुधा तिन्ही एका रागाच्या भरात, कमिटीतल्या एखाद्या भांडणानंतर उरकून टाकली होती.

श्रद्धेचं काम तुमचं बरंचसं होऊन गेलेलं आहे. त्यासाठी कुणाला राजीनामा द्यायचा नसतो. मात्र डोक्यानं सोडलेली गोष्ट अंगातून निघायला फार वेळ घेते, याची तयारी ठेवा. नरकाची भीती हे त्याचं ठळक उदाहरण. नरक नाही हे पटलेली, शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसं पोर आजारी पडलं की रात्री मला फोन करून विचारतात, "ही शिक्षा तर नसेल?" हा मागे ओढणारा विश्वास नसतो, लहानपणी बसलेला धाक असतो. त्याच्याशी वाद घालू नका. तो आला की ओळखा आणि बसू द्या. विपश्यनेत हेच तर शिकवतात. उलट प्रार्थना करावीशी वाटली तर करा. 'उपासना संगीत' या चर्चच्या गीतपुस्तकातली गाणी ओठांवर आली तर गा. चर्च सोडलं म्हणून येशूलाही उंबऱ्याबाहेर काढलं पाहिजे असा नियम कुणी केला? तो हट्ट नव्यानं बाहेर पडलेल्यांचा असतो. दोन-तीन वर्षांत बहुतेकांचा मावळतो.

तुम्ही या वाटेवर पहिल्या नाही, हेही सांगायला हवं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये पुढची बरीच वर्षं काम केलं, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त यावेत, अशी कल्पना होती. ख्रिस्ताला धरून ठेवून परदेशी मिशनचा दोर कापायचा, असा तो प्रयत्न. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण आपल्या चर्चमध्ये आजही निम्मी गाणी ज्यांची गातात त्यांचीच शेवटची पावलं मंडळीच्या कुंपणाबाहेर पडली होती, हे सहसा व्यासपीठावरून सांगत नाहीत. पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर त्रैक्यापासून (देव एक, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन रूपांत, या शिकवणीपासून) बिशपांच्या अधिकारापर्यंत सगळ्यावर त्यांची तिथल्या मठातल्या भगिनींशी पत्रापत्री जुंपली. इथल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसऱ्यांचं मानेवर घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी स्वच्छ लिहून कळवलं. रमाबाई ख्रिस्ती राहिल्या, पण कुणाच्या हुकमाखाली राहिल्या नाहीत.

आता मंडळी. इथं मी जरा थांबणार आहे, कारण लोक या टप्प्याला फार हलकं समजतात.

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा, रविवार आठवा. छोट्या छोट्या पेल्यांचा ट्रे बाकावरून बाकावर सरकत येतो. तुम्ही पेला न उचलता तो शेजारच्या काकूंकडे देता. कुणी काही बोलत नाही, पण दुपारच्या जेवणापर्यंत चार घरांत विषय झालेला असतो: "हिचं काय चाललंय?" लेखी राजीनाम्याच्या कितीतरी आधी मंडळीला कळतं ते असं. म्हणून माझा सल्ला, पेला नको असेल तर त्या रविवारी जाऊच नका, किंवा आधी पाळकसाहेबांना एकटं भेटून सांगा. बाकावर नाटक नको. तुमच्या नवऱ्याला त्याच बाकावर पुढच्या रविवारी बसायचं असतं.

सभासदत्वाच्या रजिस्टरातून नाव कमी करून घ्यायचं असेल तर एक साधं पत्र पुरतं. त्यात सिद्धान्तांची चिरफाड नको, कमिटीचे हिशेब नकोत, कुणाचं नाव नको. अशी पत्रं फाइलमध्ये राहतात आणि पुढच्या भांडणात कुणाच्या तरी हाती लागतात. कॅथलिक वाचकांसाठी जाता जाता: तुमच्याकडे बाप्तिस्मा पुसला जातो असं चर्च मानतच नाही. रीतसर चर्चत्यागाचा उल्लेख त्यांच्या विवाहविषयक नियमांत होता, तोही २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी काढून टाकला. फादरांशी त्यावर वाद घालण्यात हशील नाही.

पत्र देण्याआधी मंडळी म्हणजे काय हे मात्र वहीत लिहून काढा. तुमच्या वडिलांच्या आजारपणात दवाखान्यात रात्री कोण बसलं? रक्त कुणी दिलं? मयत झाली तेव्हा पेटी, गाडी, कबरस्थानातली जागा हे कुणी बघितलं? माझा अनुभव सांगतो, चर्च सोडलेली माणसं पंधरा वर्षांनी पुन्हा दारात येतात ती बहुतेक वेळा दफनासाठी. तोवर कमिटी बदललेली असते, आणि जुना हिशेब चुकता करायची कुणाला तरी हुक्की येते. कबरस्थान मंडळीच्या ताब्यात असेल तर सभासद नसलेल्याला जागा द्यायची की नाही हे तीच ठरवते. आपल्याला पुरायचं की जाळायचं, कुठं, हे तुम्ही आत्ताच नवऱ्याशी बोलून ठेवा. विषय अप्रिय आहे, पण मेल्यावर तुमच्या मुलीला पाळकांच्या दारात उभं राहावं लागू नये.

वैयक्तिक अध्यात्माची उणी बाजू नेमकी इथं आहे. ध्यान एकट्यानं होतं, तिरडी एकट्यानं उचलता येत नाही. शिबिरातून दहा दिवसांनी माणसं आपापल्या घरी जातात. तुम्हाला चार घरांचं का होईना, पण अडीनडीला येणारं वर्तुळ नव्यानं उभं करावं लागेल. ते जमेपर्यंत जुनं तोडू नका.

कागदाकडे येऊ. मुंबई उच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०१४ चा एक निकाल तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. रणजित मोहिते आणि इतरांची ती याचिका. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही प्रभू येशूला मानतो, पण ख्रिस्ती धर्म किंवा कुठलाच धर्म मानत नाही; तशी नोंद राजपत्रात करून द्या. शासकीय मुद्रणालयानं नकार दिला होता. न्यायालयानं सांगितलं की घटनेच्या कलम २५ मधल्या विवेकस्वातंत्र्यात 'माझा कुठलाच धर्म नाही' असं म्हणण्याचं स्वातंत्र्यही येतं, आणि धर्म जाहीर करायची सक्ती सरकारी यंत्रणा करू शकत नाही. म्हणजे शाळेच्या फॉर्मवरही, मागितल्यास, 'कोणताही नाही' असं लिहायचा आधार तुमच्याकडे आहे. आधार कार्ड आणि पासपोर्टवर धर्म छापलेलाच नसतो. तो चिकटून राहतो शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि जातीच्या दाखल्यावर.

तरीही राजपत्राकडे धावत जाऊ नका. अधिकार आहे म्हणून तो आजच वापरायला हवा असं नाही, आणि तुमच्या बाबतीत तीन गाठी आहेत.

पहिली लग्नाची. तुमचं लग्न चर्चमध्ये, म्हणजे १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली झालेलं असणार. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात जोडीदारानं दुसऱ्या धर्मात जाऊन ख्रिस्ती असणं सोडलं, तर तो घटस्फोटाचा आधार ठरतो. शब्द नीट पाहा: दुसऱ्या धर्मात जाऊन. नुसतं चर्चला न जाणं, ध्यान करणं, 'मी कुठल्याच धर्माची नाही' म्हणणं यात बसत नाही. हिंदू किंवा बौद्ध झाल्याचा कागद केलात तर बसतं. तुमचा संसार नीट चाललाय हे मला दिसतंय. पण कागद करताना माणसानं वाईट दिवसांचाही विचार करावा.

दुसरी वारसाची. ख्रिस्ती म्हणून मृत्युपत्राविना गेलात तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार जोडीदाराला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश. हिंदू किंवा बौद्ध झालात तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो. आणि 'कुठलाच नाही' म्हणालात तर? हिंदू कायद्यांची व्याख्या मोठी ऐसपैस आहे. जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही, त्याला ती आपल्यात ओढू पाहते; तो कायदा आपल्याला लागत नव्हता हे ज्याचं त्यानं सिद्ध करायचं. मृत्युपत्र करून ठेवा, हा घोळच संपतो.

तिसरी गाठ जातीची, आणि इथूनच राजकारण सुरू होतं. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदूंखेरीज कुणी अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली, १९९० मध्ये बौद्धांची. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेरच. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये ही धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली, ती तशीच पडून राहिली. आपल्या राज्यात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. तुमच्या घरात तसा दाखला असेल तर तो 'ख्रिस्ती' या नोंदीवर उभा आहे. राजपत्रात 'मी ख्रिस्ती नाही' छापून आणलंत तर मुलीच्या जात पडताळणीच्या वेळी त्याचा जाब विचारला जाऊ शकतो. आणि उलट बाजूनं, 'हिंदू व्हा, सवलती मिळतील' हा सहकाऱ्याचा सल्ला वाटतो तितका सरळ नाही. मूळ धर्मात परतलेल्याला जात परत मिळायची तर मूळ जातीचा पुरावा, खरंखुरं परतणं आणि त्या समाजानं स्वीकारणं या तीन गोष्टी सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं आणखी बजावलं की मनात श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी केलेलं धर्मांतर ही घटनेशी लबाडी आहे. तुमची श्रद्धा तर कुठल्याच चौकटीत बसत नाही. मग खोटं प्रतिज्ञापत्र कशाला?

कायद्याच्या या सगळ्या जाळ्यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. सरकारला माणूस एका घरातून निघून दुसऱ्या घरात गेलेला समजतो. अंगणात उभा राहिलेला समजत नाही. मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशचे २०२१ चे धर्मस्वातंत्र्य कायदे पाहा. ख्रिस्ती व्हायचं तर आगाऊ सूचना, चौकशी, सगळं आहे. पण पूर्वीच्या किंवा आईवडिलांच्या धर्मात परतणं हे तिथं धर्मांतर धरलंच जात नाही. येण्यावर पहारा आणि परतण्याला मोकळं रान, अशी ती रचना. या पहाऱ्याची मुळं आपल्या नागपुरातही आहेत. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी त्या सरकारनं १९५४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी होते.

म्हणून तुमच्या आईचं बोलणं भाबडं समजू नका. अमेरिकेत १९९० च्या दशकात कुठलाच धर्म न सांगणाऱ्यांचं प्रमाण सात टक्क्यांवरून चौदावर गेलं. माइक हाउट आणि क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये त्याचं एक कारण असं मांडलं की चर्चनं उजव्या राजकारणाशी संगनमत केल्याचा तो राग होता. तिथं चर्च बलाढ्य आहे. सोडणारा सत्तेकडे पाठ फिरवतो. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती दहा लाख ऐंशी हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरात एकही पूर्ण नाही. त्यातली एक बाई बाहेर पडली की ती बलाढ्य बाजूला गेली असा अर्थ दोन्हीकडचे लोक काढतात. तिच्या मनात तसं काही नसलं तरी. इंटरनेटवरच्या अमेरिकन चर्चत्यागाच्या गोष्टी वाचून आपल्याकडे हुबेहूब तसं बोलणारी तरुण मुलं मला भेटतात. त्यांचा राग खरा असतो, पण त्यांच्या बोलण्यातलं बलाढ्य चर्च इथं नसतं.

इथला वेगळा दाखला हवा असेल तर व्हेरिअर एल्विन या इंग्रज पाळकाचा घ्या. १९२७ मध्ये ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, गांधीजींच्या बाजूनं उभे राहिले, मग गोंडांमध्ये जाऊन राहिले. नागपूरच्या बिशपांनी पाळक म्हणून काम करायच्या परवान्यासाठी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ मागितली, ती त्यांनी घेतली नाही. १९३५ मध्ये त्यांनी चर्च सोडलं. तिथं चर्च सोडणं म्हणजे साम्राज्याची बाजू सोडणं होतं. आज तीच कृती तुम्ही केलीत तर तिचा अर्थ उलटा लावला जाईल, कारण सत्तेची जागा बदलली आहे.

मग काय करायचं? बाहेर पडायचंच असेल तर गुपचूप पडा, आणि कुणाच्याही मंडपात जाऊ नका. जिथं तुमच्या गळ्यात हार घालून फोटो काढायची घाई असेल, ती जागा तुमच्या अध्यात्मासाठी नाही. व्यासपीठावरून 'मी चर्च का सोडलं' सांगायचं निमंत्रण येईल, नाही म्हणा. तुमचा कमिटीवरचा राग खरा असला तरी तो माईकवरून दुसऱ्या कुणाच्या दारावर दगड होऊन पडू शकतो. आईला हे वचन द्या, तिचा अर्धा घोर तिथंच उतरेल. चर्चबाहेर पडूनही चर्चवर हल्ला झाला तर त्याच्या विरोधात उभं राहता येतं, हेही तिला सांगा. मी तर म्हणेन, बाहेर पडलेल्याचा शब्द तिथं जास्त वजनदार ठरतो.

आणि ज्या मोकळ्या अध्यात्माकडे तुम्ही निघालात, ते राजकारणापासून धुतलेलं आहे असं समजू नका. 'सगळे धर्म एकच' हे वाक्य गोड आहे, पण पुष्कळ सत्संगांत त्याचा खरा अर्थ 'आमच्यात सगळे सामावतात' इतकाच असतो, आणि जातीचा विषय काढला की वातावरण गार पडतं. तुमचे पणजोबा ज्या कारणानं मिशनच्या शाळेत गेले, ते कारण त्या सभेत मोठ्यानं सांगून बघा. ऐकून घेतलं तर ती जागा बरी. चुलतभावाच्या वाटेत हा प्रश्न उघडपणे घेतलेला आहे. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला घोषणा केली आणि धम्मदीक्षा घेतली १९५६ मध्ये. मधली एकवीस वर्षं धर्म आणि समाजाचं भवितव्य यांचा हिशेब ते जाहीरपणे मांडत होते. पण ती सामुदायिक वाट आहे, तिच्या बावीस प्रतिज्ञा आहेत, आणि त्या मनापासून घ्यायच्या असतात. तुकोबा, कबीर आणि येशू एकाच उशाशी ठेवणाऱ्या तुम्हाला त्या कितपत झेपतील, हे भावाशी निवांत बसून बोला. तो तुमचं भलं चिंततोय.

जनगणनेसाठी माणूस दारात आला की तुम्ही सांगाल तेच त्यानं लिहायचं असतं. २०११ मध्ये देशात सुमारे २९ लाख लोकांच्या नावापुढे धर्म नोंदलेला नव्हता. तुम्हाला त्यांच्यात जायचं की आईसाठी 'ख्रिस्ती' सांगायचं, दोन्हींत खोटेपणा नाही असं माझं मत आहे. पहिल्यात तुमची श्रद्धा नोंदली जाते, दुसऱ्यात तुमची माणसं.

राहिला मुलीचा फॉर्म. तिथं तुमचा एकटीचा निर्णय चालणार नाही. तिचा बाप श्रद्धावान आहे आणि त्यालाही मत आहे. सध्या 'ख्रिस्ती' लिहा असं मी सुचवीन. दाखल्याचा प्रश्न वर सांगितलाच, आणि तो बदल ती सज्ञान झाल्यावर स्वतः करू शकते. संडे स्कूलला ती बापाबरोबर जाऊ दे. घरी आल्यावर "आई, तू का येत नाहीस?" असं विचारेल. तेव्हा चर्चची निंदा करू नका आणि 'काम असतं' म्हणून टाळूही नका. तुम्ही सकाळी डोळे मिटून बसता तेव्हा काय करता, ते तिला समजेल अशा शब्दांत सांगा. नवऱ्याला आधी कल्पना देऊन ठेवा, म्हणजे तिला एकाच घरात दोन उत्तरं मिळणार नाहीत.